होकार यंत्राचा, नकार माणसाचा

युरोपातल्या हिवाळ्यात घर उबदार ठेवणे ही चैन नव्हे, ती निकड. ब्रिटनमध्ये बहुतेक घरांत हे काम गॅसवरचे बॉयलर करतात आणि ते बदलल्याशिवाय कर्ब उत्सर्जन कमी करण्याचे आकडे जुळत नाहीत. पर्याय आहे हीट पंपाचा. बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून घरात सोडणारे हे यंत्र म्हणजे उलटा चालणारा फ्रीज. एक युनिट वीज खर्चून ते साधारण तीन युनिट उष्णता देते. पण ते बसवण्याचा खर्च मध्यमवर्गीय घरमालकालाही घाम फोडतो, म्हणून सरकारी अनुदान. अनुदान आले की अर्ज येतो, अर्ज आला की छाननी येते, आणि छाननीला माणसे कमी पडली की पोर्टल येते. गेल्या काही वर्षांत ब्रिटन, जर्मनी आणि फ्रान्स या तिन्ही देशांनी हे अर्ज संगणकाच्या हवाली करून पाहिले. त्यांचा अनुभव महाराष्ट्रातल्या, रांगेत उभे राहून ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर ऐकलेल्या प्रत्येकाला ओळखीचा वाटेल.

सगळ्यात मोठी फजिती ब्रिटनची. करोनाने अर्थव्यवस्था थिजली असताना जुलै २०२० मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी ‘ग्रीन होम्स ग्रँट’ जाहीर केली. व्हाउचरसाठी दीड अब्ज पौंड, लक्ष्य सहा लाख घरांचे. भिंतींना उष्णतारोधक थर द्या किंवा हीट पंप बसवा, दोन तृतीयांश खर्च सरकार पाच हजार पौंडांपर्यंत उचलेल. कमी उत्पन्न गटाला दहा हजारांपर्यंत. योजना उभी करायला मिळाले अवघे १२ आठवडे. काम एका खासगी कंपनीकडे सोपवले गेले आणि ३० सप्टेंबरला अर्ज सुरू झाले, तेव्हा ते तपासणारी संगणक प्रणालीच पुरती तयार नव्हती. मग जे यंत्राने करायचे ते माणसे हाताने करू लागली. ३१ मार्च २०२१ रोजी योजना गुंडाळली. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्या सप्टेंबरात हिशेब मांडला: सुधारणार होती ती जेमतेम साडेसत्तेचाळीस हजार घरे, खर्च ३१ कोटी ४० लाख पौंड आणि त्यातले पाच कोटींहून अधिक निव्वळ कारभारावर. म्हणजे घरामागे हजार पौंडांहून जास्त रक्कम फक्त अर्ज हलवण्यात गेली. निम्म्याहून अधिक अर्ज फेटाळले गेले किंवा अर्जदारांनीच कंटाळून मागे घेतले. कामे मिळतील म्हणून माणसे नेमलेल्या काही ठेकेदारांना ती पुन्हा कमी करावी लागली. रोजगार वाढवण्यासाठी काढलेल्या योजनेचा हा शेवट.

खापर संगणकावर फोडणे सोपे आहे. पण त्याच्या पोटात जे नियम घातले होते ते पाहिले तर दोष कुठे होता हे दिसते. कामांची ‘प्राथमिक’ आणि ‘दुय्यम’ अशी वर्गवारी, त्यातले पहिले केल्याशिवाय दुसऱ्याला पैसे नाहीत, ठेकेदाराकडे ठरावीक प्रमाणपत्रे हवीत, अंदाजपत्रक हवे, उत्पन्न गटाचा पुरावा वेगळा. हे सगळे गोळा करण्याची जबाबदारी घरमालकावर. त्याला ना ठेकेदारांच्या प्रमाणपत्रांतले कळत होते, ना उष्णतारोधनातले. ज्या नियमावर दोन अधिकाऱ्यांचे एकमत होत नाही, तो संगणकाला शिकवता येत नाही.

हा धडा ब्रिटनने घेतला, हे मान्य करायला हवे. मे २०२२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सुरू झालेल्या ‘बॉयलर अपग्रेड स्कीम’मध्ये घरमालकाला अर्ज करावाच लागत नाही. प्रमाणित ठेकेदार अर्ज करतो, ऊर्जा नियामक ‘ऑफजेम’ घरमालकाची संमती घेते आणि अनुदानाची रक्कम बिलातून वजा होते. टक्केवारी नाही, उत्पन्नाची चौकशी नाही, ठोक रक्कम. ती आधी पाच हजार पौंड होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये साडेसात हजार झाली. अर्ज सोपा झाला म्हणून लोक धावत सुटले असे मात्र घडले नाही. पहिल्या वर्षीचा निधी बराचसा पडून राहिला, कारण रक्कम अपुरी होती आणि घराच्या ऊर्जा प्रमाणपत्रात उष्णतारोधनाची शिफारस प्रलंबित असेल तर अनुदान अडत होते. ती अट २०२४ मध्ये काढली गेली.

जर्मनीत जानेवारी २०२४ पासून घरगुती तापनाचे अनुदान ‘केएफडब्ल्यू’ या सरकारी विकास बँकेकडे आले. तज्ज्ञ ठेकेदार कामाचा तपशील बँकेच्या प्रणालीत भरतो, त्याला एक क्रमांक मिळतो आणि घरमालक तोच क्रमांक आपल्या खात्यात टाकून अर्ज करतो. ज्याला ज्यातले कळते त्याने ते भरावे, ही विभागणी शहाणपणाची. मूळ अनुदान खर्चाच्या ३० टक्के. जुना बॉयलर लवकर काढल्यास आणि उत्पन्न कमी असल्यास त्यात भर पडून ते ७० टक्क्यांवर जाते. पहिल्या घरासाठी ३० हजार युरोपर्यंतचा खर्च धरला जात असल्याने हातात जास्तीत जास्त २१ हजार युरो पडतात. गाडे अडते ते उत्पन्नावर आधारित वाढीव रकमेपाशी. करपात्र उत्पन्न वर्षाला ४० हजार युरोंपर्यंत असल्याचा पुरावा म्हणून अर्जदाराला कर खात्याचेच निर्धारण आदेश सादर करावे लागतात. एका सरकारी खात्याने धाडलेला कागद नागरिकाने स्कॅन करून दुसऱ्या सरकारी संस्थेला पाठवायचा, याला स्वयंचलन म्हणायचे तर आपल्याकडची झेरॉक्सची दुकानेही त्यात मोडतील.

फ्रान्सने तर दोन्ही बाजूंनी मार खाल्ला. ‘माप्रीमरेनोव्ह’ ही घरदुरुस्ती अनुदान योजना २०२० मध्ये आली, अर्ज फक्त ऑनलाइन. खाते उघडत नाही, चुकीचा तपशील दुरुस्त करता येत नाही, विचारायला माणूस सापडत नाही अशा शेकडो तक्रारी तिथल्या नागरी हक्क रक्षक क्लेअर एदों यांच्याकडे गेल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी या कारभारावर जाहीर ठपका ठेवला आणि कागदी अर्जाची वाटही खुली ठेवा, अशी शिफारस केली. प्रामाणिक वृद्ध दाराबाहेर अडकले असताना लबाड मध्यस्थ मात्र आत शिरत होते. अखेर फसवणूक आणि साचलेले अर्ज या कारणांनी सरकारने २०२५ च्या उन्हाळ्यात मोठ्या दुरुस्तीचे नवे अर्ज काही काळ थांबवले.

नियमच चुकला असेल तर वेग घातक ठरतो. उत्तर आयर्लंडमध्ये २०१२ साली व्यावसायिक जागांतल्या लाकडी गोळ्यांवरच्या बॉयलरना अनुदान देताना कमाल मर्यादाच घातली नव्हती आणि मिळणारे अनुदान इंधनाच्या खर्चाहून जास्त होते. जितके जाळाल तितका नफा. या घोटाळ्यावरून जानेवारी २०१७ मध्ये उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि तिथले सरकार तीन वर्षे जागेवर आले नाही. उलट टोकाचे उदाहरण नेदरलँड्सचे. तिथे बालसंगोपन भत्त्यात गैरव्यवहार शोधणाऱ्या प्रणालीने परदेशी नागरिकत्व हा संशयाचा एक निकष मानला. हजारो निरपराध कुटुंबांकडे वसुलीचा तगादा लागला, घरे मोडली. जानेवारी २०२१ मध्ये मार्क रुटे यांच्या सरकारला पायउतार व्हावे लागले.

माहिती नागरिकाकडून मागायची की जिच्याकडे ती आधीच आहे त्या संस्थेकडून घ्यायची, याचे दोन्ही नमुने महाराष्ट्राने घरच्या घरी पाहिले आहेत. २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्याने ‘आपले सरकार’ केंद्रावर जाऊन ऑनलाइन अर्ज भरायचा होता. त्यात मागितलेली कर्जाची बरीचशी माहिती बँकेकडे आधीच होती. दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रे वाटली गेली आणि लगोलग पात्र शेतकऱ्यांच्या ‘हिरव्या यादी’तल्या चुकांचे वाभाडे निघाले. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्जच नव्हता. बँकांनी कर्जखात्यांची माहिती थेट चढवली, गावात याद्या लागल्या, शेतकऱ्याने फक्त आधार प्रमाणीकरण करायचे. रक्कम मान्य नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती होती. ती योजनाही निर्दोष नव्हती. पण राज्य तेच, शेतकरी तेच, बँकाही त्याच असताना दोन वर्षांत एवढा फरक पडला तो संगणक बदलल्यामुळे नव्हे, प्रश्न कुणाला विचारायचा हे ठरल्यामुळे.

घराच्या छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांना केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटसाठी ७८ हजार रुपये मिळतात आणि दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही. तो मंजूर मानला जातो. होकार देण्याचा हा मार्ग योग्यच आहे. निकषांत बसणाऱ्याला यंत्राने तत्काळ हो म्हणावे, त्यासाठी साहेबाची सही कशाला? नकाराचे तसे नाही. नाव आणि आधार यांतली एका अक्षराची तफावत, सामाईक मालकीचे घर, वारसनोंद न झालेला सातबारा, ही यंत्राच्या लेखी त्रुटी असते. माणसाला तिच्यामागचे घर दिसते, निदान दिसू शकते. म्हणून फेटाळण्याचा अधिकार यंत्राला देऊ नये.

यासाठी राज्याला नवा कायदा करावा लागणार नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये पदनिर्देशित अधिकारी आहे, ठरावीक मुदत आहे, नकाराची लेखी कारणे आहेत, तीन अपिले आहेत आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडही आहे. मात्र तो अधिसूचित सेवांनाच लागू होतो. पोर्टलवरून अनुदान देणारी राज्याची प्रत्येक योजना सरकारने या यादीत आणावी, आणि ‘अर्ज नामंजूर’ एवढाच संदेश पाठवण्याची सोय त्या पोर्टलमधून काढून टाकावी.