उचल मिळते, भांडवल का मिळत नाही?

आमच्या बीड जिल्ह्यातले एक अभ्यासू गृहस्थ हल्ली प्रत्येक व्यासपीठावर एकच सिद्धान्त मांडतात : पैशाला जात नसते. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या उद्योगांत ठरवून भांडवल घालावं, नफा कमी आणि उशिरा घ्यावा, पण जातीजातींतली संपत्तीची दरी बुजवावी, या विचाराला उद्योगजगतात ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टमेंट’ म्हणतात. अमेरिकेत काळ्या समाजासाठी ती होते, तर इथे दलितांसाठी का नको, असं कुणी विचारलं की गृहस्थ चिडतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ज्याच्यात धमक आहे त्याला भांडवल मिळतंच. जात पाहून पैसा देणं हा नवा जातिवाद. सरकारी योजना पुरेशा आहेत. आणि ऊसतोडीला सगळ्याच जातींची माणसं जातात, म्हणजे बीडमध्ये गरिबीला जात उरलेली नाही.

नव्या जातिवादाचा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो. पिढ्यान्‌पिढ्या जात पाहून जमीन नाकारली तेव्हा ज्यांना काही खुपलं नाही, त्यांना जात पाहून केलेली भरपाई खुपण्याचा अधिकार नाही.

योजनांचं पाहू. स्टँड-अप इंडिया एप्रिल २०१६ मध्ये आली. प्रत्येक बँकशाखेने अनुसूचित जाती-जमातीच्या किमान एका आणि किमान एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटी रुपये कर्ज द्यावं, असा तिचा दंडक होता. प्रकल्पाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम मात्र कर्जदाराने उभी करायची; २०२१ मध्ये ही अट १५ टक्क्यांवर आली. अनुसूचित जातींसाठीचा केंद्राचा व्हेंचर कॅपिटल निधी २०१५ मध्ये सुरू झाला, तोही ५० लाखांच्या पुढच्या मदतीसाठी. योजना चांगल्याच. पण त्या निम्मी वाट चालून आलेल्यांसाठी. धारूर किंवा पाटोद्याच्या वस्तीवरच्या कुटुंबाने स्वतःचा हिस्सा कुठून आणायचा?

आता मुख्य मुद्दा : धमक असेल त्याला भांडवल मिळतं. मी म्हणतो, आमच्या ऊसतोड कुटुंबाला भांडवल मिळतंच. दरवर्षी मिळतं. हंगामाच्या तोंडाला मुकादम दारात येतो आणि नवरा-बायकोच्या एका कोयत्यामागे लाखाच्या आसपास उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, मोजून जातो. सातबारा मागत नाही, जामीनदार मागत नाही, प्रकल्प अहवाल मागत नाही. कारण तारण त्याच्या समोर उभं असतं : चार हात आणि सहा महिने. तेच कुटुंब शेळ्या-म्हशींसाठी तेवढीच रक्कम मागायला बँकेत गेलं की एकाएकी त्याची पत संपते. माणूस तोच, रक्कम तीच, परतफेडीची नियतही तीच. मग फरक कशात? त्याच्या श्रमावर पैसा लावायला बाजार एका पायावर तयार आहे. त्याच्या मालकीवर लावायला तयार नाही. ज्यांना हा फरक दिसत नाही, त्यांनी धमकेवर व्याख्यानं देऊ नयेत.

आणि या भांडवलाची किंमत काय? एक दिवस खाडा पडला की दंड. आजारपणाचा दंड, बाळंतपणाचा दंड. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कारणं अनेक असतील. पण पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, हे कारण बायका स्वतःच्या तोंडाने सांगत आल्या आहेत. जगातला कोणता सावकार कर्जदाराच्या शरीरातून इतकी वसुली करतो? आणि आम्हाला सांगितलं जातं की गुंतवणुकीत भावना आणू नका.

ऊसतोडीत सगळ्या जाती आहेत हे खरं. वंजारी, लमाण, बौद्ध, मातंग, कोरडवाहू मराठा, सगळे फडात असतात. पण टोळी गावी परतली की वाटा वेगळ्या होतात. एकाच्या नावावर चार एकर माळरान तरी असतं. दुसऱ्याच्या नावावर गायरानाचा तुकडा, तोही गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. देशाच्या २०१९च्या कर्ज व गुंतवणूक पाहणीत ग्रामीण शेतकरी कुटुंबाची सरासरी मालमत्ता सुमारे २२ लाख निघाली, शेती न करणाऱ्याची आठ लाखांहूनही कमी. दरी मुळात जमिनीची आहे, आणि जमीन कुणाकडे नाही हे गावात कुणाला विचारावं लागत नाही.

गायरानाचा वाद जुना आहे. १९५९ आणि १९६४च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांच्या काळापासून मी तेच युक्तिवाद वाचत आलो आहे. जमीन मागितली तर म्हणत, बैल नाहीत, कसणार काय? बैलांसाठी कर्ज मागितलं तर म्हणत, जमीन नाही, तारण काय? दोन्ही तोंडांनी एकच नकार. सरकारने १४ एप्रिल १९९०पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं, तरी अनेकांचे अर्ज अजून तहसीलच्या कपाटात आहेत. दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजना भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत द्यायला निघाली, पण सरकारी दराने जमीन विकायला मालक पुढे येत नाहीत. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामीतून सुटलेल्यांना किनारपट्टीवर चाळीस-चाळीस एकर देण्याचा आदेश निघाला आणि त्याच वर्षी फिरवला गेला. तिथल्या दरीचं बरंचसं मूळ त्या फिरवलेल्या आदेशात आहे. आमच्याकडे फिरवण्याचीही गरज पडली नाही, कपाट पुरलं.

मग करायचं काय? उचलीच्या जागी भांडवल आणा. तोडणीच्या महिलांनी स्वतःची टोळी नोंदवावी, गुंतवणूकदाराने तिला हंगामापूर्वी रक्कम द्यावी, आणि टोळीने कारखान्याशी थेट करार करावा. मुकादमाचं कमिशन टोळीच्या खात्यात राहील आणि त्यातूनच परतफेड होईल. दुसरं, बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. ते पिकतं नेमकं टोळ्या निघण्याच्या सुमाराला. त्याच्या गराचा उद्योग वस्तीवर उभा करा आणि भूमिहीन कुटुंबांना त्यात मजुरी नको, भाग द्या. तिसरं, गायरानाचे पट्टे मिळवून देणारा कायदेशीर खर्च हाही गुंतवणुकीचाच भाग धरा.

एक इशारा मात्र आमच्या बाजूच्या उत्साही मंडळींनाही. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात समाजहिताच्या नावाने वाटलेलं सूक्ष्मकर्ज वसुलीच्या जाचामुळे गरिबांच्या गळ्याशी आलं होतं. म्हणून किती कर्ज वाटलं हे मोजू नका. कुटुंबाच्या नावावर सातबारा आला का आणि पुढच्या दसऱ्याला त्याने उचल नाकारली का, एवढंच मोजा. ज्या गुंतवणुकीने हे दोन घडत नाही ती सावकारीच आहे, आणि बीडला नव्या सावकाराची गरज नाही.