दुपट्ट्याचा रंग कुठे गेला?



माझ्या धाकट्या बहिणीने अमेरिकेहून मुलीच्या निकाहची डीव्हीडी पाठवली. अम्मींना तिकडे जाणे झेपणारे नव्हते. पण नातीचा लाल दुपट्टा त्यांनी इथे स्वतः समोर बसून रंगवून घेतला होता आणि दुखऱ्या बोटांनी त्याला गोटा लावला होता. डीव्हीडी आली त्या दिवशी असरनंतर शेजारच्या खाला, चाची सगळ्या आमच्याकडे जमल्या. प्लेअर सुरू केला आणि नवरी आली ती काळ्या-पांढऱ्या रंगात! चित्रही मधूनच वर सरकत होते.

अम्मी थोडा वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बेटा, माझाच दुपट्टा घातलाय ना तिने? मला तर राखाडी दिसतोय."

दुसऱ्या दिवशी टीव्ही दुरुस्त करणारा आला. टीव्ही पाहिला न पाहिला तोच म्हणाला, "पिक्चर ट्यूब गेली, अडीच हजार लागतील." मी हो म्हणणारच होते. पण वर्गात मुलाचे गणित चुकले, तर आपण सगळे गणित पुसत नाही. कोणत्या पायरीवर चुकले ते शोधतो. त्याला म्हटले, "दोन दिवसांनी सांगते."

पहिली पायरी : केबलचे चॅनेल लावले. रंग व्यवस्थित. ट्यूब गेली असती तर इथेही रंग बिघडले असते. म्हणजे टीव्ही ठीक.

दुसरी पायरी : त्याच प्लेअरवर मुलांची कार्टूनची डीव्हीडी लावली. तीही रंगीत. म्हणजे प्लेअर आणि वायरही ठीक. उरली ती बहिणीची डिस्क.

डिस्कही खराब नव्हती, तिची भाषा वेगळी होती. आपल्याकडे 1982 मध्ये दूरदर्शनवर रंग आले ते 'पाल' पद्धतीचे : चित्रात 625 ओळी, वीज 50 हर्ट्झची. अमेरिकेची पद्धत 'एनटीएससी' : 525 ओळी आणि 60 हर्ट्झ. आमच्या जुन्या टीव्हीला फक्त पाल कळते. एनटीएससीचे चित्र त्याला कसेबसे दाखवता येते, पण त्यातला रंग उलगडता येत नाही. नव्या टीव्हींना बहुधा दोन्ही भाषा येतात.

उपाय रिमोटवरच होता. डिस्क बाहेर काढली, कारण बऱ्याच प्लेअरमध्ये डिस्क चालू असताना हे बदलता येत नाही. 'सेटअप'मध्ये 'टीव्ही टाइप' शोधले. तिथे 'मल्टी' होते, म्हणजे डिस्क ज्या पद्धतीची त्याच पद्धतीचे चित्र बाहेर. ते 'पाल' केले. आता रूपांतर प्लेअरच करतो. काही रिमोटवर यासाठी 'पी/एन' असे वेगळे बटणही असते.

तुमच्या घरी लक्षणे वेगळी असतील, तर हे पाहा :

प्रत्येक डिस्क काळी-पांढरी दिसत असेल, तर पिवळी वायर चुकून हिरव्या भोकात गेली आहे का ते बघा. हिरव्या जोडणीतून फक्त उजेड-अंधार जातो. रंगाची माहिती निळ्या आणि लाल जोडणीतून जाते.

लाल-हिरवी-निळी अशा तीन वायरी लावल्या असतील आणि सगळे चेहरे हिरवट-निळसर दिसत असतील, तर लाल वायर सैल असण्याचा संभव आहे. मात्र आवाजाचीही एक वायर लालच असते. त्या दोघींची अदलाबदल तर झाली नाही ना, हेही तपासा.

पडद्याच्या एकाच कोपऱ्यात जांभळा किंवा हिरवा डाग असेल आणि तो केबलवरही दिसत असेल, तर प्लेअर निर्दोष आहे. जुन्या ट्यूबच्या टीव्हीजवळ स्पीकर ठेवला की त्यातल्या चुंबकाने असे होते. स्पीकर दूर करा. टीव्ही रिमोटने नव्हे, मुख्य बटणाने बंद करून अर्ध्या तासाने सुरू करा. बहुतेक टीव्ही सुरू होताना हा डाग स्वतःच पुसतात. एकदा नाही गेला, तर पुन्हा करून पाहा.

वायरी बदलण्याआधी दोन्ही प्लग काढून ठेवा. टीव्हीची मागची बाजू मात्र कधीही उघडू नका. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये जिवावर बेतेल इतकी वीज साठलेली असू शकते. एवढे करूनही जमले नाही, तर कारागिराला जरूर बोलवा. पण त्याला "रंग जातो" एवढेच सांगू नका. केबलवर काय दिसते, दुसऱ्या डिस्कवर काय दिसते, तेही सांगा. म्हणजे त्यालाही नेमके काम करावे लागते.

त्या संध्याकाळी डीव्हीडी पुन्हा लावली. नवरी आली तशी अम्मींनी "थांबव, थांबव" म्हणून चित्र थांबवायला लावले. चष्मा पुसला, जवळ जाऊन पाहिले.

"जरा गडदच झालाय लाल," त्या म्हणाल्या. "पण गोटा सरळ बसलाय."

मग त्यांनी चाचींना पुन्हा बोलावून आणायला सांगितले.