रिकाम्या डब्याची शेगडी

शाळेत हस्तव्यवसायाचा तास असतो. त्या तासाला मुले चकचकीत कागदाची फुले करतात, थर्माकोलची मंदिरे उभारतात. प्रदर्शन संपते आणि दुसऱ्या दिवशी या साऱ्या वस्तू कचऱ्यात जातात. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने शालेय जीवनात एकदा तरी रिकाम्या डब्याची भुशाची शेगडी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिला साहित्य थोडेच लागते. वाण्याकडचा १५ किलो तेलाचा पत्र्याचा डबा घ्यावा, त्याचे तोंड कापून कडा आत ठोकाव्यात आणि एका बाजूस तळाशी भोक पाडावे. मधोमध एक बाटली उभी धरावी, भोकातून एक दांडके आत घालून तिला भिडवावे आणि सुताराकडचा कोरडा भुसा भोवती ठासून भरावा. मग दांडके ओढून घ्यावे व बाटली फिरवीत अलगद वर काढावी. आत जी पोकळी उरते, तीच या शेगडीचे धुराडे होय. खालून पेटविली की हवा भोकातून शिरते, तापते व वर चढते. भुसा आतून बाहेर असा सावकाश जळत जाऊन कित्येक तास आच देतो. हाच भुसा उघड्यावर ढीग करून पेटविला तर नुसता धुमसतो. मात्र ठासण्यात कुचराई झाली, तर पोकळी ढासळते आणि आग गुदमरते. शेगडी कोणाची भीड धरीत नाही.

घरोघरी गॅस आला असता हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. गॅस सोडून शेगडीकडे वळा, असे आम्ही म्हणत नाही. धूर डोळ्यांना व फुप्फुसांना घातक आहे, हे आम्ही जाणतो. परंतु आमचा विद्यार्थी कार्बन मोनॉक्साइड विषारी आहे असे उत्तरपत्रिकेत लिहितो आणि थंडीत निखाऱ्यांचा डबा खोलीत घेऊन दार लावतो! त्या वायूला ना रंग, ना वास. उत्तर हिंदुस्थानात बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेली माणसे सकाळी मृत आढळल्याच्या वार्ता हिवाळ्यात वारंवार येतात. पुस्तकातले ज्ञान हातापर्यंत न पोहोचल्याची किंमत कधी कधी प्राणांनी मोजावी लागते.

म्हणून डबा निवडण्यापासूनच शिक्षण सुरू व्हावे. जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरू नये. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि अतिशय तापल्यास त्याच्या वाफांनी ताप भरतो. रंगाचे, रसायनांचे वा पेट्रोलचे डबे तर सर्वथा वर्ज्य. शेगडी उघड्या अंगणात, शिक्षकांच्या देखत पेटवावी. जवळ वाळू व पाणी असावे. भांडे खापऱ्यांवर किंचित उंच ठेवावे, म्हणजे जळालेल्या हवेस वाट मिळते.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार मांडला. आम्ही शिक्षकांनी तो भाषणांत पुष्कळ वापरला, वर्गात फार थोडा. पुढील वर्षी प्रदर्शनाच्या मेजावर एक फूल कमी असले तरी चालेल; अंगणात एक शेगडी असावी आणि तिच्यावर मुलांनी शिजविलेला भात परीक्षकांनी खाऊन पाहावा. गुण त्यावरच द्यावेत.