सोयीचा साक्षीदार

राइनहोल्ड श्नायडर हे नाव घेताच 'दुय्यम दर्जाचे ऐतिहासिक लेखक' असा शेरा मारून मोकळे होणारे समीक्षक आहेत. ज्याला वर्तमानाशी झुंजता येत नाही तो इतिहासाच्या आड दडतो, हा त्या शेऱ्यामागचा समज. आम्हांस तो मान्य नाही. श्नायडर यांच्या बाबतीत तर तो सपशेल खोटा ठरतो.

१९०३ साली जर्मनीतील बाडेन-बाडेन येथे एका हॉटेलमालकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९२२ मध्ये वडिलांनी आत्महत्या केली; मुलानेही तोच मार्ग धरू पाहिला, पण तो वाचला. ड्रेस्डेनच्या व्यापारी कचेरीत काही वर्षे नोकरी केल्यावर ते लेखनाकडे वळले. एकेकाळी गोव्यात राहिलेल्या पोर्तुगीज महाकवी कामोईशच्या यातनांवरील त्यांचे पुस्तक १९३० साली आले. पाठोपाठ १९३१ मध्ये स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यावरचे. सत्ता आणि सदसद्विवेक यांचा झगडा हाच त्यांचा विषय झाला.

१९३८ साली, हिटलरच्या अमलात, सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर उभ्या राहिलेल्या लास कासास यांच्यावरील त्यांची छोटेखानी कादंबरी प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील मूळ रहिवाशांवरील अत्याचारांचा जाब आपल्याच सम्राटाला विचारणारा सोळाव्या शतकातील डोमिनिकन धर्मगुरू तिचा नायक. कथा परदेशची, चारशे वर्षांपूर्वीची. परंतु ज्यूंचा छळ डोळ्यांदेखत पाहणाऱ्या जर्मन वाचकाला तिचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नव्हती. याला पळवाट म्हणावयाचे काय? पुढे अधिकृत छपाईची दारे बंद झाली, तेव्हा कोल्मारच्या अल्साटिया प्रकाशनाने त्यांच्या पुस्तिका परवानगीविना छापल्या. त्यांची सुनीते नकलून घेतली गेली आणि हातोहाती आघाडीवरील सैनिकांपर्यंत पोहोचली. एप्रिल १९४५ मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. युद्धच संपले म्हणून ते बचावले.

आमचा खरा वाद याच्या पुढे आहे. युद्धानंतर ज्यांनी त्यांना जर्मनीचा सदसद्विवेक म्हणून डोक्यावर घेतले, त्यांनीच १९५१ साली त्यांच्याकडे पाठ फिरवली. कारण एवढेच की, पश्चिम जर्मनीने पुन्हा शस्त्रे हाती घेऊ नयेत असे या कॅथलिक लेखकाने लिहिले, आणि ते पूर्व बर्लिनच्या नियतकालिकात छापू दिले. कम्युनिस्टांच्या पंक्तीला बसल्याचा ठपका आला. कॅथलिक नियतकालिकांची पाने आणि नभोवाणीची दारे त्यांना बंद झाली.

पूर्वेकडील राजवट असल्या लेखांचा प्रचारासाठी वापर करील, ही भीती निराधार नव्हती, हे आम्ही मान्य करतो. पण लेखाला उत्तर लेखाने द्यावयाचे, की लेखकाच्या पोटावर पाय देऊन? लास कासासचा निर्भीडपणा वाखाणणाऱ्यांना तोच निर्भीडपणा स्वतःच्या सरकारपुढे सोसवला नाही. परक्या सम्राटाला सुनावलेले खडे बोल सर्वांनाच गोड लागतात.

१९५६ मध्ये जर्मन ग्रंथव्यवसायाने त्यांना शांतता पारितोषिक दिले. ६ एप्रिल १९५८ रोजी, ईस्टरच्या दिवशी, फ्रायबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. त्यांना दुय्यम ठरवणाऱ्यांशी आम्ही आणखी भांडणार नाही. मात्र श्रद्धावंतांच्या नियतकालिकांनी एका श्रद्धावंताला मुके करू पाहिले, ही नोंद त्यांच्या चरित्रातून कोणी गाळू नये. आपल्या मनाविरुद्ध लिहिणाऱ्यालाही पान द्यावे, एवढे तरी त्या नोंदीपासून संपादकांनी शिकावे.