रेघ ती रेघच नव्हे

"रेघ ती रेघच, लहान काय नि मोठी काय!" इंग्रजी लिहिताना आपल्या पोरीबाळी सर्रास म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. मीठ नि साखर दोन्ही पांढरीच, म्हणून चहात मीठ घालतो का आपण?

आखूड हायफन शब्द जोडतो: मदर-इन-लॉ. करारावर पुन्हा सही करणं म्हणजे 're' नि 'sign' मध्ये हायफन, अर्थात री-साइन. तो गाळलात की झाला राजीनामा! जरा लांब एन डॅश 'पासून–पर्यंत' सांगतो: १८३०–१८८६. सर्वांत लांब एम डॅश वाक्य मध्येच थांबवतो, वळवतो.

वर दिलेली सालं अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनची. तिच्या कविता डॅशांनी भरलेल्या. ती गेल्यावर, १८९० मध्ये, संपादकांनी त्यातले बरेच डॅश काढून स्वल्पविराम घातले. डॅश परत आले ते १९५५ च्या आवृत्तीत. पासष्ट वर्षं एका बाईचं थांबणंसुद्धा दुरुस्त होत राहिलं!

म्हणून सांगते बायांनो, नियम नीट शिका. जाणून मारलेली रेघ कुणी पुसायला आलं, तर 'का' म्हणून विचारता तरी येईल.