चारशे म्हणजे चारशे!

'रेंज कुठे येते?' मी विचारलं.
'कुठेच नाही,' विमानतळावरून लॉजवर नेणाऱ्या बाई हसून म्हणाल्या. झालं!

मे २०२३. ऑफिसच्या कामाने सिडनीला गेलो होतो. शेवटी चार दिवस रजा चिकटवली आणि लॉर्ड हाऊ बेट गाठलं. छोट्या विमानाने दोनेक तास. भर समुद्रात ११ किलोमीटर लांबीची चंद्रकोर, वस्ती चारशेच्या आसपास, फिरायला सायकल. स्वर्गच! पण डोक्यात बॉसची मेल : बढती, १८ जणांची टीम, सोमवारपर्यंत कळव. बायको म्हणाली होती, 'घे की. चिनू काय, रविवारी भेटेलच तुला.' टोमणा होता की नाही, तेच चघळत होतो.

उतरलो होतो पाइनट्रीजमध्ये. १९व्या शतकाच्या अखेरीपासून एकच घराणं पिढ्यान् पिढ्या हे लॉज चालवतंय. आपल्याकडे एव्हाना पाच शहरांत शाखा निघाल्या असत्या ना? इथे मागणी कितीही येऊ दे, अख्ख्या बेटावर एका वेळी पर्यटक फक्त ४००. चारशे म्हणजे चारशे! आपल्या वाट्याला आलेल्या खाटांवरच प्रत्येकाने धंदा करायचा.

जेवणाच्या टेबलावर सिडनीच्या एक आजी भेटल्या. दरवर्षी येणाऱ्या. म्हटलं, 'यांना वाढवावंसं वाटत नसेल?' आजींनी सूपमधून मानही वर केली नाही. 'वाढवलं तर मी कशाला येईन?'

बॉस, याला म्हणतात कस्टमर फीडबॅक!

सकाळी सायकल काढली, तर रस्त्याकडेच्या गवतात एक तपकिरी पक्षी बिनधास्त चरत होता. वूडहेन. याला उडता येत नाही. १९८०च्या सुमारास जगात जेमतेम तीसेक उरले होते. मग माणसांनी पिल्लं वाढवली, २०१९मध्ये बेटावरच्या उंदरांविरुद्ध मोठी मोहीम काढली आणि पक्षी पुन्हा वाढले. म्हणजे वाढ इथेही होते. फक्त कशाची होऊ द्यायची, ते ठरवलेलं असतं.

त्या रात्री नऊला लँडलाइनवरून घरी फोन लावला. पुण्यात दुपारचे चार. चिनूने शाळेतल्या भांडणाची साग्रसंगीत हकिगत सांगितली. बायको मागून ओरडली, 'अगं, आयएसडी आहे!' मी म्हटलं, 'बोलू दे.'

सोमवारी सिडनीहून मेल टाकली : '१८ नको. ८ जणांची टीम चालेल. आणि सातनंतर कॉल नाहीत.' उत्तर आलं, एका शब्दाचं : 'बोलू.'

परतल्यावर बॉसच्या केबिनबाहेर अर्धा तास बसलो होतो. शेजारी कुंडीत पाम. केंटिया, मूळचा लॉर्ड हाऊचाच. तेवढाच आपल्या बाजूचा माणूस!

आठावर नाही, दहावर मिटलं. सातचं अजून भांडतोय.

तुमचा आकडा काय? कुणीतरी विचारायच्या आत ठरवून ठेवा.