हात आपोआप चेहऱ्याकडे जातो तेव्हा



पुटकुळी आली की ती फोडावीशी वाटते आणि खपली धरली की नख तिकडे जाते. हे सगळ्यांचेच होते, त्यात वावगे काही नाही. पण काहींचा हात तिथे थांबत नाही. पुटकुळी नसली तरी बोटे गालावर, दंडावर, पायावर खडबडीत जागा शोधत फिरतात आणि सापडली की ती कोरत बसतात. अर्धा-अर्धा तास असा जातो, रक्त आल्यावर भान येते. मग शरम वाटते. उद्यापासून हात लावायचा नाही असे मनाशी ठरते आणि उद्या पुन्हा तेच होते.

घरात यावर एकच औषध ठाऊक असते, ते म्हणजे ओरडा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण ही नुसती खोड नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात त्वचा कोरण्याच्या या विकाराची स्वतंत्र नोंद आहे. बहुधा तो वयात येताना सुरू होतो आणि बायकांत अधिक दिसतो. मनावर ताण आला की हात चालतो, कोरले की घटकाभर बरे वाटते. आपण रागावलो की ताण वाढतो आणि लपूनछपून कोरणे सुरू होते. म्हणजे आपल्याच ओरडण्याने दुखणे वाढते.

अशी जखम घरच्यांच्याही आधी कुणाच्या नजरेस पडते? पार्लरवाल्या ताईच्या, सलूनमधल्या दादांच्या. आज कितीतरी शेतकरी घरांतल्या लेकीसुना पार्लरचे काम शिकून बाजाराच्या गावी दुकान चालवतात. आजचे चार शब्द त्यांच्यासाठी आहेत.

ताई, समजा लग्न ठरलेली एक मुलगी तुमच्याकडे आली. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या, ओढणी गालावर ओढलेली. म्हणते, “हळदीच्या आत हे डाग घालवा.” तेव्हा “अगं बाई, हे काय करून घेतलंस?” असे चारचौघींत बोलू नका. त्या एका वाक्याने ती पुन्हा कुणाला तोंड दाखवणार नाही. तिला बाजूला बसवा आणि हळूच विचारा, “हात आवरत नाही का गं? असं पुष्कळांचं होतं. यावर उपाय आहे.” उत्तर दिले नाही तरी खोदून विचारू नका.

आधी खाज आहे का, ते विचारा. खरूज असेल किंवा गाजरगवताने अंग उठले असेल, तर त्याचे औषध निराळे. त्यासाठी डॉक्टरांकडेच पाठवा.

उघड्या जखमेवर ब्लीच, स्क्रब, वॅक्स करू नका. तिने आग्रह धरला तरी पुटकुळ्या दाबून काढू नका. हात लावण्याआधी विचारा. मोठा आरसा आणि झगझगीत दिवा तिच्या तोंडासमोर नको, कारण पुष्कळांचा हात आरशापुढेच चालतो. आठ दिवसांत डाग घालवते, असे वचन देऊ नका. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेले गोरेपणाचे क्रीम लावू देऊ नका. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते आणि त्याने कातडी पातळ होते. जखम सौम्य साबणाने धुऊन साधी पेट्रोलियम जेली लावावी आणि पट्टीने झाकावी. झाकलेल्या जागी नख पोचत नाही. नखे बारीक कापलेली बरी.

हात वळवण्याची एक रीत आहे. अमेरिकेत ॲझ्रिन आणि नन या दोघांनी १९७३ साली ती मांडली आणि आजही डॉक्टर तीच शिकवतात. हात केव्हा, कुठे बसल्यावर वर जातो ते आधी ओळखायचे. तो जाऊ लागला की मूठ आवळून मिनिटभर धरायची किंवा हाताला दुसरे काम द्यायचे. आपल्या घरात अशा कामांना तोटा नाही. शेंगा फोडा, लसूण सोला, वाती वळा. एखादा दिवस चुकला तर ‘झालंच का पुन्हा’ म्हणू नये. आवरलेल्या दिवसाचे कौतुक करावे.

एवढ्याने भागले नाही तर पार्लरचे काम संपले, डॉक्टरांचे सुरू झाले, असे समजा. जखमेसाठी त्वचेचे डॉक्टर आणि सवयीसाठी मनाचे डॉक्टर, दोघेही लागतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. सरकारची ‘टेलिमानस’ ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जखमेभोवती लाली पसरली, पू झाला, ताप आला किंवा मधुमेह असेल, तर दिवस घालवू नका. जगणे नको झाले, असे ती बोलली तर तिला एकटी सोडू नका; त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणि घरच्या वडीलधाऱ्यांनो, लग्नाच्या बोलणीत डागांची चर्चा मुलीसमोर करू नका. तिचा हात गालाकडे गेलेला दिसला तर हातावर फटका मारण्याऐवजी शेंगांचे सूप पुढे सरकवा आणि तुम्हीही शेजारी बसून दोन शेंगा फोडा.